खालची ओळ

४ जून

चि. धाकट्यास आशीर्वाद.

पाकिटावर माझं अक्षर बघून तू पत्र न उघडताच बाजूला ठेवशील, म्हणून पत्ता यांच्याकडून लिहून घेतला आहे. सात वर्षांनी लिहिते आहे, तेव्हा कसा आहेस, काय करतोस हे विचारण्यात अर्थ नाही. काम आहे म्हणून लिहिते.

तुझ्या भाच्याला जुन्या कॉम्प्युटरमध्ये आईचे व्हिडिओ सापडले. तिच्या शेवटच्या महिन्यातले. तेव्हा तो संध्याकाळी क्लासला जायच्या आधी फोन औषधांच्या बाटल्यांना टेकवून चालू करून ठेवायचा आणि आपला तयारी करत फिरायचा. कधी कधी दुसऱ्याचाच फोन उचलून निघून जायचा, मग हा तासभर चालूच. अशा सात फाइली आहेत. त्याने त्या एका चकतीवर घालून पाठवल्या. आमच्या टीव्हीखालच्या प्लेअरमध्ये घातली, तर पडद्यावर आलं, ‘डिस्क वाचता येत नाही’, आणि प्लेअरने जीभ बाहेर काढून चकती परत दिली. चिरंजीव म्हणतात, फोनवर बघ. फोनवर आई माझ्या अंगठ्याएवढी दिसते.

मला आता काहीच ऐकू येत नाही. डाव्या कानाने थोडं यायचं, तेही गेलं. समोरच्याचे ओठ वाचते, त्यावर संसार चालतो. पण आईचे ओठ शेवटी थरथरायचे, त्यात कवळी काढलेली. ती बोलायची आणि मी मान डोलवायचे. महिनाभर मी नुसती मान डोलवली, धाकट्या. ती काय सांगत होती ते मला कळलं नाही, आणि कळलं नाही हे तिला कळू दिलं नाही.

तुझं दुकान अजून आहे असं ऐकलं. म्हणजे वाचलं, कुणाच्या तरी ओठांवर. मला ते व्हिडिओ आमच्या प्लेअरवर चालतील असे करून दे आणि परभाषेतल्या सिनेमात येतात तशा खाली ओळी घाल. कोण काय बोललं ते सगळं. तुझे कान पहिल्यापासून तिखट. आई म्हणायची, याला शेजारच्या घरातली कुजबुज ऐकू येते आणि आपण मारलेली हाक ऐकू येत नाही.

ती इतकी आजारी असताना तू आला नाहीस. फोनसुद्धा केला नाहीस. आलास तेव्हा तिची खाट भिंतीला उभी करून झाली होती. ते मी विसरलेले नाही. ते वेगळं, हे वेगळं. सोबत पेनड्राइव्ह आहे, कापसात गुंडाळलेला.

ताई


११ जून

ती. ताईस साष्टांग नमस्कार.

पाकिटावर भाऊजींचं अक्षर दिसलं. वाटलं, नक्की तुझं काहीतरी. उघडलं तर कापूस. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती, त्यांना वाटलं, मला कुणी दागिना पाठवला. मी म्हटलं, दागिनाच आहे.

चकती का चालली नाही ते गिऱ्हाइकांना सांगतो तसंच तुला सांगतो. फाइल म्हणजे ताग्यातलं कापड. घरच्या प्लेअरला शिवलेला सदरा लागतो. भाच्याने आख्खा तागा त्याच्या तोंडात कोंबला, तो बिचारा काय करणार, थुंकला. मला ते कापड आधी प्लेअरच्या मापाने बेतावं लागतं. त्याचं भाषांतर म्हण. मग प्रकरणं पाडायची, मेनू लावायचा, म्हणजे रिमोटवर एक दाबलं की पहिली फाइल, दोन दाबलं की दुसरी. मग सावकाश चकतीवर उतरवायचं. घाई केली की चकती नंतर अडखळते. शेवटी चकती ‘फायनल’ करायची. फायनल म्हणजे गाठ मारून दोरा तोडणं. न करता दिली तर ती माझ्या मशीनवर चालेल, तुझ्या नाही. आणि एकदा केली की तिच्यात एक काना-मात्रा बदलता येत नाही, नवीन चकतीच घ्यावी लागते.

खालच्या ओळी घालीन. हे काम मी कुणाच्या हाती देणार नाही. तसं दुकानात मीच मालक आणि मीच नोकर. दुसऱ्यांच्या लग्नात दिव्याचा स्टँड धरून उभा राहायचो, तिथून इथवर आलो. आता लग्नांना माझ्याहून चकचकीत लोक मिळतात, पण म्हाताऱ्या माणसांच्या टीव्हीखाली अजून प्लेअर आहेत, म्हणून माझ्या दुकानाचं शटर वर जातं.

आता ते वेगळं. ताई, मी फोन करत होतो. रोज, संध्याकाळी आठला, शूटिंगच्या मधल्या सुटीत. आई झोपली आहे, बरी आहे, यायची घाई नको, असं मला सांगितलं जायचं. उचलणाऱ्याला विचार.

प्लेअर कुठला आहे, किती जुना, ते त्याच्या पाठीवर लिहिलेलं असेल. ते कळव.

धाकटा


१९ जून

चि. धाकट्यास,

प्लेअरच्या पाठीवरचं सगळं एका कागदावर उतरवून सोबत घातलं आहे. निम्मं पुसलंय. अकरा वर्षांचा आहे. रिमोटवर थांबवायचं बटण चालतं, मोठं करायचं चालतं, एक एक चित्र पुढे सरकवायचंही चालतं. फक्त आवाजाचं खराब झालंय, त्याचं मला काय.

उचलणाऱ्याला विचारलं. हे म्हणाले, आठवत नाही. छत्तीस वर्षांत या माणसाने माझ्याशी खोटं बोललेलं मला माहीत नाही. छापखान्यात प्रुफं तपासण्यात जन्म गेला, दुसऱ्याचा चुकीचा अनुस्वार यांच्या पोटात दुखतो.

आणि मीही घरातच होते ना? आमच्या फोनवर एक लाल दिवा बसवलेला आहे. घंटा वाजली की लागतो. त्या महिन्यात तो संध्याकाळी रोज लागायचा. हे जाऊन उचलायचे, मी हाताने विचारायचे, कोण? हे म्हणायचे, राँग नंबर. रोज राँग नंबर. तुझा एकही नाही. आता तूच सांग मी कुणाचं खरं धरू. न केलेला फोन सात वर्षांनी केला म्हणून काय मिळणार आहे तुला?

चकतीचं बघ.

ताई


२७ जून

ती. ताईस सा. न.

तुझं पत्र चारदा वाचलं. उत्तर देत नाही. चकतीचं बघतो.

पहिल्या दोन फाइलींची नमुना चकती पाठवतो आहे. भाच्याने फोन उभा ठेवला होता, म्हणून दोन्ही बाजूंना काळे पट्टे दिसतील. ते मुद्दाम ठेवलेत. ताणून पडदाभर केलं असतं तर आई पैलवानासारखी दिसली असती.

चकती कडेने धर, मधल्या भोकात बोट घाल. रिमोटवर ‘सबटायटल’ लिहिलेलं बटण दाबलंस की ओळी येतील. चकतीवर कागद चिकटवू नकोस, नाव मी शाईने लिहिलं आहे. ओळी चालतात का, अक्षर बारीक होतंय का, फार पटकन जातात का, सगळं कळव. मग बाकीचं शिवतो.

पहिल्या फाइलीत अकराव्या मिनिटाला आई तुझ्या नावाने काय म्हणते ते बघ आणि मग मला शिव्या घाल.

धाकटा


५ जुलै

चि. धाकट्या,

चालली. घातल्याबरोबर चालली. मी रिमोट हातात घेऊन उभीच राहिले, बसायचं सुचलं नाही.

अकरावं मिनिट बघितलं. ‘हिला सांगा, वेणी घट्ट घालू नको म्हणावं, डोकं दुखतं.’ अगं आई! आणि मी रोज जोर लावून घालायचे, व्यवस्थित दिसावी म्हणून. रडू आलं आणि हसू आलं. अशी माझी कानउघाडणी सात वर्षांत कुणी केली नव्हती.

हे शेजारी बसले होते. म्हणाले, मजकूर ठीक, पण ऱ्हस्व-दीर्घाच्या नऊ चुका आहेत. यादी मागच्या बाजूला यांच्याच अक्षरात आहे.

आणि एक चूक माझ्याकडून. दुसऱ्या फाइलीत तू लिहिलंस, ‘पाणी दे.’ ते ‘पाणी दे’ नाही. थांबवून, मोठं करून, एक एक चित्र सरकवून बघितलं. ‘दे’ म्हणताना ओठ मिटत नाहीत. आईचे मिटतात. ती म्हणते आहे, ‘पाणी पी.’ मला म्हणते आहे. मी दिवसभर धावपळ करत होते ना. आणि मी काय केलं? मान डोलवली आणि तिलाच पाणी पाजलं. तिला नको असताना ती प्यायली, धाकट्या. बघ तू.

जिवंत माणसाला वीस वेळा मागे नेता येत नाही. चकतीला नेता येतं. बाकीच्या पाच लवकर पाठव. आई काय काय बोलली ते सगळं मला हवं आहे. चांगलं असो, वाईट असो, माझ्याबद्दल असो, नसो.

ताई


१० जुलै

ती. भाऊजींस सा. न.

पाकिटावर ‘खाजगी’ लिहिलं आहे, कारण तुमच्याकडची पत्रं ताई उघडते हे मला ठाऊक आहे.

पाचवी फाइल. भिंतीवरचं घड्याळ दिसतं, आठला दोन मिनिटं कमी. घंटा वाजते. तुम्ही खोलीबाहेरच्या बोळात फोन उचलता. तुम्ही दिसत नाही, आवाज येतो. ‘झोपल्यात. हो, बऱ्या आहेत. नको, घाई नको, तुझं काम कर.’ त्या वेळी आई डोळे टक्क उघडे ठेवून कॅमेऱ्याकडे बघते आहे. मग तुम्ही दारात येता. आई विचारते, ‘कुणाचा?’ तुम्ही म्हणता, ‘राँग नंबर.’

ते ‘तुझं काम कर’ ज्याला म्हणालात तो मी. तुमच्या आवाजात मी ते सत्तावीस वेळा ऐकलं आहे, अठ्ठाविसावं आत्ता हेडफोनवर ऐकलं.

भाऊजी, तुमच्याशी माझं वाकडं कधीच नव्हतं. मी पहिलं दुकान उघडलं तेव्हा पाटीवरचं शुद्धलेखन तुम्ही तपासून दिलं होतंत. म्हणून भांडायच्या आधी विचारतो. ताईने मला प्रत्येक शब्द खाली लिहायला सांगितला आहे. ती मला खोटारडा समजते आहे. एक ओळ टाइप केली की मी सुटतो. त्या ओळीने तुमच्या घरात काय होईल ते मला इथे बसून दिसत नाही.

मी काय लिहू?

धाकटा


१८ जुलै

चि. धाकटे यांस,

तुमचे पत्र पोचले. मूळ प्रतीत असेल तेच छापायचे, वाक्य आवडो न आवडो, हा आमच्या धंद्यातला नियम. चाळीस वर्षे पाळला. तेव्हा तुम्हाला दुसरे काही छापा म्हणण्याचा हक्क मला नाही.

तसे का केले, ते सांगणार नाही. मी एका माणसाला शब्द दिला होता. त्यातून मला मोकळे करायला ते माणूस आता नाही.

इतकेच लिहितो की डॉक्टरांनी मला जिने चढायला बंदी केली आहे आणि तुमच्या ताईला सगळे सांगितलेले नाही. ती दिवसाकाठी जे काही बोलते ते माझ्याशी, कारण माझेच ओठ तिला नीट वाचता येतात. तिने या ओठांवर विश्वास ठेवायचे बंद केले, तर घरात बोलायला तिला कोणी उरत नाही. मी गेल्यावर तिला कळले असते तर बरे झाले असते. पण हे सांगणे झाले. आज्ञा नव्हे, विनंतीही नव्हे.

‘सत्तावीस’ तुम्ही बरोबर मोजले आहेत.

आ. भाऊजी


२५ जुलै

ती. ताईस सा. न.

पूर्ण चकती सोबत आहे, सातही फाइली. ऱ्हस्व-दीर्घ भाऊजींच्या यादीप्रमाणे सुधारले आहेत. ‘पाणी पी’ केलं आहे.

तिसऱ्या फाइलीत भाऊजी आईच्या उशाशी बसले आहेत. आई त्यांना काहीतरी सांगते, पण नेमकी खाली पाण्याची मोटर चालू आहे. मी आवाज गाळून बघितला, चाळून बघितला, नुसती घरघर. तिथे कंसात तसं लिहिलं आहे. पाचवीत फारसं काही नाही. फोन वाजतो, शेजाऱ्यांचा असतो. सहावीत आई तुझ्या मुलाला पाढे म्हणायला लावते, ते बघ, चौदाच्या पाढ्यात कसा आपटतो.

फोनचं तू म्हणालीस ते खरं असेल. कामाच्या गडबडीत माझ्या डोक्यात काही दिवस एकमेकांत मिसळले असतील. माणूस आपल्याला बरं वाटेल तेच आठवतो. तू मनाला लावून घेऊ नकोस.

भाऊजींच्या तब्येतीला जप.

धाकटा


४ ऑगस्ट

धाकट्या,

आशीर्वाद लिहीत नाही.

पाचव्या फाइलीत हे दारात येतात. चेहरा हरभऱ्याएवढा, म्हणून तुला वाटलं असेल ताईला काय दिसणार. खाली तू लिहिलंस, ‘शेजाऱ्यांचा.’ ‘शेजाऱ्यांचा’ म्हणून बघ आरशासमोर. ओठ एकदाही मिटत नाहीत. यांचे आधी गोल होतात, मग मिटतात, मग उघडतात. हा शब्द मला पाठ आहे. त्या महिन्यात रोज संध्याकाळी दिवा विझल्यावर मी तो बघत होते. राँग नंबर.

ते ओठ ओळखायला मला एक सेकंद लागला. राँग नंबरला तू शेजाऱ्यांचा का करतोस, हे कळायला दोन दिवस लागले. राँग नंबर खरंच असता, तर तू तसंच लिहिलं असतंस. तू लपवलंस, त्यावरून कळलं की फोन तुझा होता.

आता तिसरी फाइल. ‘मोटर चालू, ऐकू येत नाही.’ मला मोटर ऐकू येत नाही, धाकट्या. मला आईचं तोंड समोरून दिसतं. दोन दुपारी बसले, किती वेळा मागे नेलं ते मोजणं शेवटी सोडून दिलं. ती यांना म्हणते, ‘धाकट्याला येऊ देऊ नका. त्याने मला उभीच पाहिली आहे.’ मग म्हणते, ‘शब्द द्या.’ हे मान हलवतात.

म्हणजे असं झालं. तेव्हा ती पुरती शुद्धीवर होती. दहा दिवसांनी तिचं तिलाच आठवेना आणि ती रोज विचारायला लागली, फोन कुणाचा, फोन कुणाचा. आणि हा शहाणा माणूस पहिल्या प्रतीला चिकटून बसला! आईने नंतर स्वतः केलेली दुरुस्ती यांना दिसली नाही, ज्यांना अनुस्वार दिसतो.

यांना टीव्हीसमोर बसवून विचारलं. हे म्हणाले, हो. एवढंच. तेव्हापासून गॅलरीत बसून आहेत. मी जेवायचं पान वाढते आणि तोंड फिरवते. मी तोंड फिरवलं की आमच्या घरात बोलणं संपतं, तेवढं माझ्या हातात आहे. तब्येतीचंही कळलं. औषधांची पाकिटं वाचता येतात मला.

पण यांच्याहून राग तुझा आला. आईने ठरवलं, तू काय बघायचं. यांनी ठरवलं, मी काय समजायचं. आणि तू ठरवलंस, मी काय वाचायचं. माझे कान गेलेत, अक्कल नाही गेली. मी तुझ्याकडे मागून काय मागितलं होतं? प्रत्येक शब्द. तू स्वतःला खोटा ठरवून मला सुखी करायला निघालास, कुणी सांगितलं होतं तुला? सात वर्षं मी मनात तुला जे जे बोलले, ते आता कुठे ठेवू?

अजून एक. राँग नंबर झाल्यावर आई भिंतीकडे कूस वळवते. तिचा खांदा हलतो, म्हणजे बोलते आहे. तिथे खाली काही नाही. ओळ नाही, कंससुद्धा नाही. पाठ मला वाचता येत नाही. तिथे काय आहे?

सगळं लिहून चकती पाठव. नाहीतर पाठवू नकोस.

ताई


१२ ऑगस्ट

ती. ताईस सा. न.

दोन्ही कान धरून लिहितो आहे, म्हणून अक्षर वाकडं.

‘राँग नंबर’ मी तीनदा टाइप केलं आणि तीनदा खोडलं. चौथ्यांदा ‘शेजाऱ्यांचा’ लिहिलं आणि चटकन चकती फायनल करून टाकली, म्हणजे परत मन बदलायला नको. दोरा तोडून मोकळा झालो. मला वाटलं, माझं काय, मी लांब आहे, मला खोटारडा म्हटलं तरी दुकान चालतं. तुला त्या घरात राहायचं आहे. हे मोठेपण होतं असं तेव्हा वाटलं. तुझं पत्र वाचल्यावर कळलं, मीही आणखी एक फोन उचलला आणि राँग नंबर म्हणून ठेवून दिला.

भाऊजींवर मी चिडलो होतो, आता नीट चिडताही येत नाही. आईने शब्द मागितला हे मला ठाऊक नव्हतं. ‘त्याने मला उभीच पाहिली आहे’ हे वाचून दुकानाचं शटर अर्धं ओढून बसलो. खरंय. मला ती आडवी आठवतच नाही.

पण एक माझंही लिहून टाकतो, कारण तू प्रत्येक शब्द मागतेस. भाऊजी ‘बऱ्या आहेत’ म्हणायचे, त्या आवाजात काहीतरी दाबलेलं आहे हे मला कळायचं. आवाज ऐकणं हाच माझा धंदा. हंगाम जोरात होता, रोज एक लग्न, आणि ‘घाई नको’ ऐकलं की मला हायसं वाटायचं. भाऊजींनी मला अडवलं ते एका दारात, फोनच्या. गाडीत बसायला मला कुणी अडवलं नव्हतं.

आता आईची पाठ. तिथे कंस घातला नाही, कारण ‘ऐकू येत नाही’ असं लिहायला हात चालेना. मला स्पष्ट ऐकू आलं. हळू बोलते, भिंतीशी बोलते, पण शब्द न् शब्द ऐकू येतो. ते मी तुझ्यासाठी लपवलं नाही, भाऊजींसाठीही नाही. माझ्यासाठी लपवलं. सात वर्षांनी आईकडून एवढं एकच वाक्य माझ्या वाट्याला आलं होतं, ते मला कुणाला दाखवायचं नव्हतं. रोज सकाळी दुकान उघडलं की हेडफोन लावून एकदा ऐकायचो आणि मग गिऱ्हाईक घ्यायचो.

पत्रात ते लिहीत नाही. नवी चकती सोबत आहे, ओळ तिथे आहे. बोळातलं भाऊजींचं बोलणंही आहे. तिसऱ्या फाइलीत तू वाचलेलं तुझ्या शब्दांत घातलं आहे. बघताना भाऊजींना गॅलरीतून बोलाव. आई ते बोलली तेव्हा ते दारातून परत फिरले होते, त्यांनीही ते ऐकलेलं नाही.

चकती फायनल केली आहे. आता मला त्यात काही बदलता येणार नाही.

धाकटा


२० ऑगस्ट

चि. धाकट्यास आशीर्वाद.

चकती चालली.

यांना बोलावलं नाही, मी अजून बोलत नव्हते. टीव्ही लावला आणि दार उघडं ठेवलं. आपोआप येऊन मागे उभे राहिले.

बोळातलं बोलणं आलं. राँग नंबर आलं. आई भिंतीकडे वळली आणि खाली ओळ आली:

‘जावईबापू, त्या राँग नंबरला विचारा, जेवला का.’

मी मागे वळून बघितलं. यांचे ओठ हलत होते, पण शब्द होत नव्हता, मला वाचता येईना. सत्तावीस दिवस हा माणूस समजत होता की आपण शब्द पाळला. आणि ती बाई रोज फोनची वाट बघत आठपर्यंत जागी राहायची, आणि राँग नंबर ऐकून कूस बदलायची. काय विसरायची आणि काय नाही, तिचं तिलाच माहीत.

मी कुणाला माफ केलं असं समजू नकोस. यांना नाही, तुला नाही, आणि आईचा तर मला आता नव्याने राग आला आहे. तो सावकाश काढेन, चकती आहे.

काल हे एका चिठ्ठीवर काहीतरी लिहून ती माझ्यासमोर धरून उभे राहिले. ओठ असताना चिठ्ठी! वाचली आणि परत दिली. बरं म्हटलं. पंधरा दिवसांत पहिला शब्द.

उद्यापासून संध्याकाळी आठला फोन कर. मला ऐकू येणार नाही. दिवा दिसेल. हे उचलतील. तुला काहीतरी विचारायचं राहून गेलंय म्हणतात.

ताई